काकूंचं पंचक

काकूंचं वजन गिरणीत व्हायचं. पिठाच्या गिरणीत. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि मुलाने पुण्याहून पाठवलेला काचेचा काटा त्यांनी खोक्यासकट पलंगाखाली सरकवला होता. "त्याच्यावर सरकारी मोहोर कुठंय?" त्या विचारायच्या. "मोहोर नसलेल्या काट्यावर माझ्या बापाने कांद्याची गोणी टाकली नाही, मी स्वतःला टाकू होय?" मग सकाळी रिक्षा बोलवायची, काठी टेकत गिरणीत शिरायचं, गव्हाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या रांगेला "सरका गं" म्हणायचं आणि पोती ठेवायच्या लोखंडी फळीवर चढायचं. गिरणीवाला बिचारा आकडा हळूच सांगायला लागला की काकू त्याच्यावर ओरडायच्या.

"मोठ्यानं बोल. पोत्याचा आकडा कानात सांगतोस का?"

रांग हसायची. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला राग आला, आणि मी रांगेतल्या बायकांना दोन शब्द सुनावणार होते. काकूंनी काठीनेच मला मागे सारलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मी हसवते म्हणून हसतात. नाहीतर चोरून हसल्या असत्या. त्यापेक्षा हे बरं."

नाशकात, सिडकोत त्यांचं एकमजली घर होतं आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. मी एका लहानशा आरोग्य संघटनेत काम करते. आमचं काम म्हणजे पत्रकं काढणं, ती वाटणं आणि त्याबद्दल लोकांच्या शिव्या खाणं. वजन उतरवणारी पावडर, पोट आत नेणारा पट्टा, आठवड्यात चरबी वितळवणारा काढा, या सगळ्यांच्या विरोधात मी पत्रकं लिहिलेली आहेत. लिहिताना मी कुणाची भीड ठेवत नाही. इथेही ठेवणार नाही, काकूंचीसुद्धा.

काकूंचं माहेर नामपूरचं, वडील कांद्याचे व्यापारी. त्यामुळे सगळं जग त्यांना कांद्याच्या प्रतवारीत दिसायचं. मी अंगाने बारीक, म्हणून मी 'गोल्टी'. मार्केटात सगळ्यात बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि काकांना म्हणाल्या, "गोल्टी आलीय भाड्याला. हिला कोण भाव देणार?" तेव्हापासून मी गोल्टीच. एरवी त्या शहरातलं मराठी बोलायच्या. रागावल्या किंवा लाडात आल्या की अहिराणी बाहेर यायची. "आठे बठ," म्हणाल्या की इकडे बस आणि आता ऐकून घे, असा अर्थ असायचा.

त्या स्वतःच्या घराच्या गच्चीवर कित्येक वर्षांत आलेल्या नव्हत्या. दोन्ही गुडघे गेलेले. पण म्हणून गच्ची त्यांच्या ताब्यातून सुटली होती असं नाही. त्या खाली अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि मला व्हिडिओ कॉल करायच्या. "फोन फिरव. टाकीचं झाकण दाखव. तो कोपरा दाखव. तिथे शेवाळ का आहे? तुझ्या पत्रकांनी घास की." मग फोन बंद न करताच खालून मोठ्याने हाक मारायच्या, त्यामुळे प्रत्येक सूचना मला दोनदा ऐकू यायची.

गुडघ्याच्या ऑपरेशनवर त्यांचं सगळं अडलेलं होतं. सर्जनने सांगितलेलं, आधी वजन उतरवा, मग बघू. कसं उतरवायचं, ते सांगितलं नाही. चालून उतरवावं तर गुडघे नाहीत, आणि गुडघे हवेत तर आधी वजन उतरवा. "माझे गुडघे याच्या फ्रीजमध्ये ठेवलेत," काकू म्हणायच्या, "मी हलकी झाले की काढून देणार." आम्ही सगळे हसायचो. काकू काठीशिवाय बाथरूमपर्यंत जाऊ शकत नव्हत्या आणि काठी असूनही कधीकधी पोहोचत नसत, हे काकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यावर कुणी विनोद करत नव्हतं. काकूही नाही.

त्या मूर्ख नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर जे झालं ते ऐकून लोक पहिल्यांदा हेच म्हणतात की बाई अडाणी असणार. आमच्या गल्लीत शेकचा डबा विकणारी एक बाई यायची. सकाळी ग्लासभर शेक, रात्री ग्लासभर शेक, महिन्यात अमुक किलो. ती स्वतःला 'कोच' म्हणवायची. काकूंनी तिला समोर बसवलं, चहा पाजला, तिचे मोबाईलमधले आधीचे आणि नंतरचे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "चाळीतल्या कांद्याला घट येते, म्हणजे काय होतं, माहीत आहे का तुला?"

कोचला माहीत नव्हतं.

"चाळीत साठवलेल्या कांद्याचं वजन दोन कारणांनी उतरतं. एक तर पाणी सुकतं, ते चालतं. नाहीतर आतून सडतो. काट्यावर दोन्ही सारखंच दिसतं. माझा बाप कांदा हातात घेऊन दाबून बघायचा. तू या फोटोतल्या बायांना दाबून बघितलंस का?"

कोच चहा अर्धा टाकून गेली. मी काकूंना म्हणाले, हे मी पत्रकात घालते. "घाल," म्हणाल्या, "पण माझ्या बापाचं नाव घालू नको, तो पत्रकात बसणाऱ्यातला नव्हता."

म्हणजे जी बाई विकत मिळणाऱ्या लबाडीला हातभर अंतरावरून ओळखायची, तिला लबाडीने मारलं नाही. चांगल्या हॉस्पिटलमधल्या चांगल्या सल्ल्याने मारलं. माझा राग आहे तो यावर आहे.

काकूंच्या मुलाने त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डाएटिशियनकडे नेलं. ती मुलगी हुशार होती, मी भेटले आहे तिला. तिने पाच दिवसांचा कमी खाण्याचा आहार दिला. भाज्यांचं सूप, मुगाचं पातळ वरण, ताक, काकडी, पपईच्या फोडी. पाचच दिवस. त्यानंतर किमान तीन आठवडे रोजचं पूर्ण जेवण, डाळ-उसळ-अंडं जास्त, आणि मगच पुन्हा पाच दिवस. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करण्याआधी साखर, ब्लडप्रेशर आणि वजन दाखवून जायचं. काकूंना मधुमेह होता, म्हणून त्यांच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी त्या पाच दिवसांत साखरेची गोळी अर्धी करून दिली. चक्कर आली, घाम फुटला, हात थरथरले तर लगेच साखर खायची आणि आहार तिथेच थांबवायचा. याच्यात चूक काढायला मला काही सापडलं नाही, आणि मी चूक काढण्यात पटाईत आहे. सगळं मधल्या दिवसांवर उभं होतं. पाच दिवसांत अंगातून काढलेलं मधल्या दिवसांत परत भरलं, तरच पुढचे पाच दिवस झेपणार.

काकूंनी याचं नाव 'पंचक' ठेवलं. पंचांगातलं पंचक लागलं की शुभकार्य थांबतं. काकूंचं पंचक लागलं की घरातली फोडणी थांबायची. स्वयंपाकघरातून वास येता कामा नये. काका पाच दिवस शेजारच्या चौकात मिसळ खाऊन यायचे आणि दारात उभं राहून तोंड पुसायचे.

"मिशीला तर्री आहे," काकू आतून म्हणायच्या.

"नाही गं, पान खाल्लंय."

"पानाला फरसाण लागत नाही."

दाराबाहेर खडूने 'पंचक चालू' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे कुणी वाटीभर शिरा घेऊन येऊ नये. सूप प्यायच्या आधी त्याला नावं ठेवायची त्यांची पद्धत होती. "आज दुधी. काल दुधीची बहीण." पहिलं पंचक झालं, मधले दिवस झाले, दुसरं झालं. गिरणीवाला मोठ्याने आकडा सांगायचा आणि आकडा खरोखरच उतरत होता. रांगेतल्या बायका आता हसत नव्हत्या, काय खाता म्हणून विचारत होत्या. काकू फळीवरून उतरायला आता गिरणीवाल्याचा हात घेत नव्हत्या.

मग मला एक गोष्ट दिसायला लागली. पंचक नसायचं तेव्हाही खालून फोडणीचा वास येत नसे.

काकूंचे उपवास होते. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, मार्गशीर्षातले गुरुवार, श्रावणातलं तर विचारू नका. पूर्वी त्याने काही बिघडत नव्हतं, कारण पूर्वीचा उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. उपवासाच्या दिवशी त्या एरवीपेक्षा जास्तच जेवायच्या, हे त्यांनीच मला हसत सांगितलेलं. पण डाएटिशियनने सांगितलं, साबुदाणा बंद, बटाटा बंद. काकू आज्ञाधारक. साबुदाणा बंद केला. उपवास कसा बंद करणार? तो राहिला. फक्त आता त्यात पाणी, कपभर दूध आणि एखादं केळं उरलं.

म्हणजे ज्या दिवसांत अंग भरून काढायचं, त्याच दिवसांत त्या अधूनमधून उपाशी होत्या. आणि उपवासाच्या दिवशी गोळी अख्खी.

"अर्धी का नाही घेत?" मी विचारलं.

"अर्धी पंचकात. हे पंचक नाही."

"काकू, पोटात तर पंचकापेक्षाही कमी आहे."

"गोळीने उपवास मोडत नाही, गोल्टे. गोळी अन्न नाही. सगळ्या बायका घेतात."

"डॉक्टरांना सांगितलंत का, उपवास करता म्हणून?"

"त्यांनी विचारलं, मधले दिवस नीट जेवता ना? मी म्हटलं, जेवते. खोटं सांगितलं का? उपवासाच्या दिवशी नाही जेवत, पण तो दिवस मधल्या दिवसांत धरायचाच नाही ना. तो देवाचा आहे."

मी या वाक्यापुढे अडले तशी कुठल्याही पावडरवाल्यापुढे अडले नव्हते. पावडरवाल्याला खोटं पाडता येतं. काकूंचं गणित आतून पक्कं होतं. डाएट डॉक्टरचं, ते डॉक्टरला सांगायचं. उपवास देवाचा, तो देवाला माहीत आहे. दोन वेगळी दुकानं, एकाचं दुसऱ्याला काय कळवायचं? अशा हिशेबाने जगणाऱ्या बायका या शहरात घरोघर आहेत. एकाही दवाखान्यात त्यांना कुणी विचारत नाही की बाई, तुमचे उपवास कोणते?

त्या वर्षी नवरात्र आलं. घट बसायच्या आधी काकूंनी पंचक उरकून घेतलं. का, तर नवरात्रात ते करता येणार नाही. "नवरात्रात उपवास असतो. दोन्ही एकत्र कसं करायचं? अंगाला झेपेल का?" हे त्यांनी मला पूर्ण काळजीने समजावून सांगितलं. म्हणजे पाच दिवस सूपावर, आणि त्याला लागून नऊ दिवस दुधाच्या कपावर, अख्ख्या गोळीसह. मी भांडले. त्या म्हणाल्या, "माले शिकाडू नको." मला शिकवू नको. काका टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

पाचव्या माळेला संध्याकाळी कॉलनीच्या मंडपात आरती चालली होती. काकू पुढे खुर्चीवर. मी कामावरून परतत होते, मंडपाजवळ गर्दी अर्धवट वर्तुळ करून उभी दिसली आणि टाळ्यांचा ठेका वेगळाच ऐकू आला. आत शिरले तर काकू खुर्चीत डोलत होत्या. चेहऱ्यावरून घाम निथळत होता, केस चिकटले होते, हात थरथरत होते आणि तोंडाने त्या पुटपुटत होत्या, "माले घर जाऊ द्या. माय, माले घर जाऊ द्या."

"अंगात आलंय," कुणीतरी म्हणालं. मग सगळ्या म्हणाल्या. एकीने कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. दुसरी त्यांच्यावरून आरतीचं तबक फिरवत होती. मंडळाचे कार्यकर्ते 'उदो उदो' करत होते. एक शहाणी बाई शेजारणीला समजावत होती, "देवीला घरी जायचंय. म्हणजे गडावर, वणीला. यंदा मंडळाने बस काढायला पाहिजे."

मी ओरडले, साखर आणा. कुणी हललं नाही. साखर का, हे कुणाला कळेना, आणि ज्यांना ऐकू आलं त्यांना राग आला. "अहो, कडक उपवास आहे त्यांचा. नऊ दिवसांचा. मोडता कशाला?" मी देवीपुढचा नैवेद्य उचलला. पंचामृताची वाटी होती, ती काकूंच्या तोंडाला लावली. त्या गिळत होत्या, एवढं नशीब. खडीसाखर दाताखाली चुरून त्यांच्या गालात सारली. माझ्या हातावर एक चापटी बसली, कुणाची ते मला आजही माहीत नाही. थोड्या वेळाने काकूंनी डोळे नीट उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गोल्टे, हे आंबट का आहे?"

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. डॉक्टरांनी मशीनवरचा आकडा काकांना दाखवला आणि म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर बोलायला माणूस उरलं नसतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. काकू कशा आहेत, हे विचारलं नाही. नैवेद्य उष्टा केल्याबद्दल मंडळाची माफी मागा, म्हणाले. मी काय म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

काकू घरी आल्या तर दारात चपलांची रांग. बायका ओटी भरायला आल्या होत्या. खण, नारळ, हळदकुंकू. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि एकेक जण वाकून पाया पडत होती. कुणी मुलीच्या लग्नाचं विचारलं, कुणी नवऱ्याच्या बदलीचं. काकू फारसं बोलत नव्हत्या, पण नाहीही म्हणत नव्हत्या. मी सगळ्या जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिले.

"तुमची साखर उतरली होती, काकू. देवी नव्हती."

"मशीन मलापण दाखवलं डॉक्टरांनी."

"मग यांना सांगत का नाही?"

"आठे बठ." मी बसले. त्या ओटीतला एक नारळ हातात घेऊन फिरवत राहिल्या. "ती निळ्या साडीवाली बघितलीस? तीन वर्षांमागे हळदीकुंकवाला माझ्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली. मी पडले. उचलायच्या आधी हिने व्हिडिओ काढला. कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, भूकंप. काकांनीपण बघितला, मला दाखवला नाही, पण मला कळतं. रिक्षावाले दोन सीटचे पैसे मागतात. लग्नाच्या पंगतीत मी दुसऱ्यांदा भात घेतला की सगळ्यांचे हात थांबतात. आज तीच बाई पायावर डोकं ठेवून गेली. चार दिवस राहू दे ना, गोल्टे. मग सांगेन साखरेचं."

मी पत्रक लिहिणारी बाई आहे. मागण्या मांडते, सवाल विचारते. त्या दिवशी मी नुसते ओटीचे नारळ उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. काकूंनी साखरेचं कुणालाच सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, तेही घाईत, काकांना, औषधाच्या दुकानाच्या दारात. उपवास म्हणजेही डाएटच समजा. जेवायचं नसेल त्या दिवशी गोळीचं मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. काकांनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी काकूंना यातलं किती सांगितलं, मला शंका आहे. "तिला कोण सांगणार," हे काकांचं आयुष्यभराचं वाक्य.

थंडीत काकू नीट जेवल्या. बाजरीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वांग्याचं भरीत. त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला आणि माझ्या टाकीचं झाकण पुन्हा रोज तपासलं जाऊ लागलं. मला वाटलं, संपलं पंचक. मग सर्जनकडे तारीख होती. त्याने वजन बघितलं, शाबास म्हणाला, मांडीचे स्नायू दाबून बघितले, अशक्त आहेत म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, अजून थोडं उतरवा, उन्हाळ्यात करून टाकू. पाच मिनिटं. वजन उतरवा आणि मांड्या भरा, हे दोन्ही एकाच दमात सांगून तो पुढच्या पेशंटकडे वळला. काकूंना त्यातलं एकच ऐकू आलं. उन्हाळ्यात.

मी त्यांच्याशी सौदा केला. पंचक करायचं असेल त्या महिन्यात उपवास नाही. काकूंनी लिलावात बसल्यासारखी घासाघीस केली. सोमवार सोडला. संकष्टी सोडली. एकादशीवर अडल्या.

"ती माझी नाही," म्हणाल्या. "माझ्या बापाची आहे. तो शेवटी अंथरुणावर होता, त्याला होईना, तेव्हा म्हणाला माझी एकादशी कोण घेतं? भाऊ गप्प बसले. मी घेतली. ती सोडली तर त्याची मोडते."

"मग निदान हॉस्पिटलात सांगा. त्या मुलीला सांगा, एकादशी करते म्हणून. ती आहार त्याप्रमाणे बसवून देईल, गोळीचं डॉक्टरांशी बोलेल."

"केलेला उपवास बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं."

मग मीच फोन केला. डाएटिशियनने माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिला खरंच वाईट वाटलं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "पण पेशंटने सांगायला हवं ना," ती म्हणाली. "आमच्या फॉर्ममध्ये झोप आहे, व्यसन आहे, व्यायाम आहे. उपवासाचा रकाना नाही हो." मी म्हटलं, तुम्ही नाशकात बसून बायकांना आहार देता आणि तुमच्या कागदावर उपवासाला जागा नाही? ती म्हणाली, वरून फॉर्म आलेला आहे. पुढच्या भेटीत विचारते, म्हणाली. या पंचकाआधीचे आकडे दाखवून झाले होते, पुढची भेट पुढच्या महिन्यात होती.

मी नवं पत्रक लिहायला घेतलं. कमी खाण्याचा आहार पुन्हा करण्याआधी काय बघायचं, एवढाच विषय. मधले दिवस भरपूर आणि खरोखर जेवा. उपवासही त्यातच मोजा. साखरेची गोळी घेत असाल तर एकही उपाशी दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नका. घाम आणि थरथर दिसली तर आधी साखर द्या, आरती नंतर करा. संघटनेच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. मग आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, उपवासाच्या ओळी काढूया. आरतीची तर काढायलाच हवी. "विषय वजनाचा आहे, त्यात धर्म कशाला? लोक पत्रकच फाडतील." मी भांडले. मतदान झालं. ओळी गेल्या. जे छापलं ते कुठल्याही हॉस्पिटलच्या भिंतीवर शोभेल असं स्वच्छ, आणि काकूंसारख्या एकाही बाईच्या उपयोगाचं नव्हतं.

काकूंनी पंचक केलं. ते संपलं आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आदल्या संध्याकाळी मी जिन्यातून त्यांना म्हणाले, उद्या गोळी नाही घ्यायची हं, आधी डॉक्टरांना फोन करायचा. "बरं बरं," म्हणाल्या. "तू टाकी भरलीस का?"

सकाळी त्यांनी पूजा केली. गोळी घेतली. सवयीचा हात, पाण्याचा पेला, झालं असेल. दुपारी जरा पडते म्हणाल्या. काका बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. मध्ये त्यांनी डोकावून बघितलं तर काकूंना घाम आला होता, म्हणून त्यांनी पंखा मोठा केला आणि दार हळूच लोटून घेतलं. उपवासाची झोप आहे, होऊ दे, असं त्यांना वाटलं. चहाच्या वेळी ते उठवायला गेले.

मी पोहोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं. प्रत्येकाचीच पडते. साखर कुणी तपासली नव्हती आणि आता तपासून काही उपयोग नव्हता. मी काकांना विचारलं, गोळ्यांची पट्टी कुठे आहे? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. 'जबाबदार कोण?' असं मोठ्या अक्षरात लिहायला शिकलेली मुलगी मी. त्या खोलीत बोट दाखवायला सगळेच होते आणि कुणीच नव्हतं.

मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबायचं ठरलं. कॉलनीतल्या बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. निळ्या साडीवालीही होती, आज पांढऱ्यात. तीच पहिल्यांदा बोलली.

"एकादशीचं मरण आलं बाई. मागून मिळत नाही."

"अंगात देवी यायची ना त्यांच्या. साधी बाई नव्हती."

"आणि पोटात अन्नाचा कण नाही. अगदी शुद्ध गेल्या."

मी उठून बाहेर आले. मुलगा आला, पुरुषांनी तयारी केली आणि काकूंना दारातून बाहेर काढलं. खांदा द्यायला गिरणीवाला होता, मंडळाचे सेक्रेटरी होते. सगळे तयारीने, पाय रोवून उभे होते, जड जाईल या अंदाजाने. एका दमात तिरडी वर आली, इतकी सहज की पुढचे दोघे जरा डगमगले. सेक्रेटरींनी खांदा सावरला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "किती उतरवलं होतं हो वजन त्यांनी. काहीच त्रास झाला नाही बघा."

ते हे कौतुकाने म्हणाले.